'आस्क', 'इन्क्वायर', 'इंटरॉगेट' : मराठीत या सगळ्यांना 'विचारणे'च म्हणायचे का?

खडूफळा | ५ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे वर्ग आता कुठे स्थिरावले आहेत. गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना मामाला पत्र लिहायला सांगितले होते. एका हुशार मुलीने उन्हाळ्यात आजीकडे गेल्याचे वर्णन करताना लिहिले, 'माय ग्रँडमदर इंटरॉगेटेड मी अबाउट माय हेल्थ.' वाक्याचे व्याकरण निर्दोष होते आणि त्या लांबलचक शब्दाचे स्पेलिंगही बरोबर होते. मी लाल पेनाने शब्दाखाली रेघ ओढली, पण समासात काय लिहावे ते मला सुचेना.

तिला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तिने मोबाइलमधला शब्दकोश उघडून दाखवला. 'आस्क' म्हणजे विचारणे, 'इन्क्वायर' म्हणजे विचारणे, 'क्वेश्चन' म्हणजे प्रश्न विचारणे आणि 'इंटरॉगेट' म्हणजेही प्रश्न विचारणे. ती म्हणाली, "मॅडम, सगळ्याईचा अर्थ एकच हाये, मंग मीनं मोठा शब्द घेतला." तिच्या म्हणण्यात काहीच चुकीचे नव्हते. चूक कोशाने केली होती आणि लाल रेघ मात्र तिच्या वहीत उमटली, याचे मला दोन दिवस वाईट वाटत आहे.

मला असे वाटते की या शब्दांमधला फरक प्रश्नात नसून विचारणारा कोठे उभा आहे आणि उत्तर देणारा कोठे बसला आहे, यात आहे. तो फरक आपल्या मुलांना, आपल्या गावातल्या उदाहरणांनी, कसा समजावून सांगावा? कोशातील व्याख्या नकोत, त्या माझ्याकडे आहेत. आपापल्या कामात हे शब्द कधी, कोणाच्या तोंडून ऐकले, ते लिहिले तर मला वर्गात उपयोग होईल.

पऱ्हाटी | ५ जुलै, रात्री ९:४२

ताई, तुमच्या विद्यार्थिनीसारखाच मीही एका शब्दाने फसलो आहे. मी हिंगणघाट तालुक्यात कापूस आणि तूर घेतो. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर पीककर्जाचे कागद एका बँकेत दिले. चार दिवसांनी मोबाइलवर इंग्रजीत संदेश आला की माझ्या अर्जावर 'क्वेरी रेज्ड' आहे. बारावीत शिकणाऱ्या पुतण्याने कोश पाहून सांगितले की 'क्वेरी' म्हणजे प्रश्न, चौकशी. 'चौकशी' हा शब्द ऐकताच घरातल्यांचे चेहरे उतरले, कारण आपल्याकडे चौकशी लागते ती अफरातफर करणाऱ्याच्या मागे. वडिलांनी "कोनाच्या जमानतीवर सही त नाई केली?" असे दोनदा विचारले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पहिल्या एसटीने गेलो. टेबलावरच्या बाईंनी फाइल उघडून पेन्सिलीने केलेली एक बारीक खूण दाखवली. माझा सातबारा जुना होता आणि त्यावर वाटणीच्या फेरफाराची नोंद आलेली नव्हती. नवा उतारा काढून दिला आणि पाच मिनिटांत काम झाले. तेव्हापासून 'क्वेरी' म्हटले की मला ती पेन्सिलीची खूण आठवते. कागद वाचता वाचता वाचणारा एका जागी अडला आणि पुढे जाण्याआधी त्याला खात्री करून घ्यायची आहे, एवढेच त्या शब्दात आहे. पुतण्याने त्या रात्री 'शंका' हा शब्द सांगितला असता तर आम्ही सगळे झोपलो असतो.

पांदण | ५ जुलै, रात्री १०:०५

मी वेगळे मत मांडतो आणि ते रागावून नव्हे, तर अनुभवाने मांडतो. खेड्यातील मुलाला 'आस्क' हे एकच क्रियापद नीट वापरता आले तरी पुष्कळ झाले. मी पदवी घेईपर्यंत 'आय आस्क्ड टू हिम' असे लिहीत होतो, कारण 'त्याला' या शब्दातला 'ला' इंग्रजीत कुठेतरी ठेवलाच पाहिजे, असे मला वाटत असे. 'सेड टू हिम' चालते, मग 'आस्क्ड टू हिम' का चालत नाही, हे मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितले नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी अमरावतीला गेल्यावर ते कळले, आणि तोपर्यंत किती अर्ज तसे लिहिले गेले असतील, याचा विचार केला की अजूनही जीव कळवळतो. पायाखालची वाट चिखलात असताना गावाच्या तोंडाशी कमान उभारू नये. आधी एक शब्द पक्का करावा, बाकीचे शब्द मुले पुढे वाचता वाचता शिकतील.

खडूफळा | ५ जुलै, रात्री १०:३०

पांदण, 'आस्क्ड टू हिम' ही चूक माझ्याही वर्गात निम्म्या वह्यांमध्ये असते आणि तुमचे दुःख मला समजते. पण 'आस्क' हा एकच शब्द सोपा आहे, असे मात्र मला वाटत नाही. 'आस्क हिम' म्हणजे त्याला विचार. 'आस्क हिम फॉर वॉटर' म्हणजे त्याच्याकडे पाणी माग. 'आस्क हिम टू सिट' म्हणजे त्याला बसायला सांग, आणि 'आस्क हिम टू डिनर' म्हणजे त्याला जेवायला बोलाव. मराठीत विचारणे, मागणे, सांगणे आणि बोलावणे ही चार वेगळी कामे आहेत आणि त्यांना चार क्रियापदे आहेत. इंग्रजीने ती चारही एका शब्दावर टाकली, आणि उलट आपल्या एका 'विचारणे'चे तिने अनेक तुकडे केले. म्हणून मुलांचा गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो.

तालुकाकोर्ट | ६ जुलै, सकाळी ७:१५

मी एका तालुका न्यायालयात एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालो. हे शब्द मी रोज लिहीत होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कायद्यात हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, 'इन्क्वायरी' आणि 'इन्व्हेस्टिगेशन' यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या आहेत. खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी सोडून दंडाधिकारी किंवा न्यायालय जी चौकशी करते ती 'इन्क्वायरी', आणि पोलीस पुरावा गोळा करण्यासाठी जे जे करतात ते 'इन्व्हेस्टिगेशन', म्हणजे तपास. गावात दोन्हींना 'चौकशी चालू आहे' असेच म्हणतात, पण फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते या शब्दावरून कळते.

आता 'इंटरॉगेट'कडे येतो. पोलीस साक्षीदाराला बोलावून विचारतात, तेव्हा कायदा त्याला 'एक्झामिनेशन' म्हणतो. अटक झालेल्या माणसाला विचारपूस चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क ज्या कलमाने दिला आहे, त्यात मात्र शब्द 'इंटरॉगेशन' हा आहे. विचारणारे पोलीस तेच असतात, प्रश्नही पुष्कळदा तेच असतात, परंतु एका माणसाला उठून घरी जाता येते आणि दुसऱ्याला जाता येत नाही. ताई, आपण 'कोण कोठे बसला आहे' असे जे लिहिले, ते कायद्याच्या पुस्तकातही असे उतरले आहे. त्या मुलीला इतके सांगितले तरी पुरे की ज्याला दार उघडून जाता येत नाही, त्यालाच 'इंटरॉगेट' करतात. आजीच्या घरून तर ती हवी तेव्हा निघू शकत होती.

न्यायालयातल्या विचारण्याचेही तीन प्रकार आहेत आणि मराठीत त्यांची नावे फार चांगली आहेत. ज्या पक्षाने साक्षीदार आणला त्याचा वकील प्रथम विचारतो ती सरतपासणी, विरुद्ध पक्षाचा वकील विचारतो ती उलटतपासणी, आणि त्यानंतर पहिल्या वकिलाने पुन्हा विचारले तर ती फेरतपासणी. सूचक प्रश्न, ज्याला इंग्रजीत 'लीडिंग क्वेश्चन' म्हणतात, विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही; उलटतपासणीत मात्र विचारता येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून हा नियम आहे. "त्याच्या हातात काय होते?" हा साधा प्रश्न झाला. "त्याच्या हातात विळा होता ना?" हा सूचक झाला, कारण विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर त्या प्रश्नातच घालून दिले आहे. पुष्कळ लोक अडचणीत टाकणाऱ्या प्रश्नाला 'लीडिंग क्वेश्चन' म्हणतात, ते बरोबर नाही. आडवा प्रश्न वेगळा आणि सूचक प्रश्न वेगळा.

पऱ्हाटी | ६ जुलै, सकाळी ७:५०

काका, "विळा होता ना?" यातला 'ना' हा एवढासा शब्द किती काम करतो, हे आजच ध्यानात आले. आमच्या आईचे सगळे प्रश्न सूचक असतात, "जेवून आला ना?"

रिद्धपूरवाट | ६ जुलै, दुपारी १:२०

तालुकाकोर्ट काकांनी कायद्याची बाजू मांडली, मी शब्दांच्या घराण्याची मांडतो. इंग्रजीत एका क्रियेसाठी इतके शब्द का आहेत, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. 'आस्क' हा तिचा घरचा, मूळचा शब्द आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली, आणि तिच्याबरोबर 'क्वेश्चन' आला. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द घेतले, त्यांतला एक 'इंटरॉगेट'. घरातला, कचेरीतला आणि ग्रंथातला असे तीन थर एकावर एक बसले आणि जसजसे वर चढावे तसतसा शब्दातला जिव्हाळा कमी होत गेला.

मराठीतही असे थर आहेत, पण ते आपल्या लक्षात येत नाहीत. 'पुसणे' हा आपला घरचा शब्द. संस्कृत 'प्रच्छ्' या धातूपासून प्राकृत 'पुच्छ' झाला आणि त्यापासून 'पुसणे' आला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात घडलेल्या महानुभाव गद्यात 'पुसिलें' हे रूप पानोपानी भेटते. पुस्तकी मराठीने या अर्थाचा 'पुसणे' जवळजवळ सोडून दिला आणि फळा पुसण्यापुरता शब्द ठेवला, पण वऱ्हाडात माझी काकू अजून "त्याले पुसून पाय" (त्याला विचारून पाहा) असेच म्हणते. तो गावंढळ शब्द आहे, असे सांगून शाळेत त्याला रेघ मारली जाते. सातशे वर्षांचा शब्द असा खोडला जाताना मी पाहिला आहे आणि मला ते सहन होत नाही. 'पुसणे'च्या वरच्या थरात 'पृच्छा' आणि 'विचारणा' हे संस्कृत शब्द आहेत, आणि बाजूला कचेरीतून आलेले 'सवाल' आणि 'जाब' आहेत. 'जाब' हा 'जवाब'च आहे. त्यामुळे 'जाब विचारणे' यात आपण शब्दशः उत्तर विचारत असतो, आणि इंग्रजीत त्याच्या जवळ जाणारे 'डिमांड अॅन एक्स्प्लनेशन' हे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'आस्क' आणि संस्कृत 'इच्छति' हे एकाच आदिम धातूचे वंशज आहेत, म्हणजे 'आस्क'च्या पोटात मूळ 'इच्छा' आहे. म्हणून तो शब्द विचारण्यालाही चालतो आणि मागण्यालाही. आपला 'प्रच्छ्' ज्या कुळातला आहे, त्याच कुळात लॅटिनमार्गे आलेला इंग्रजी 'प्रे', म्हणजे प्रार्थना करणे, हा शब्द बसतो. तेव्हा 'पुसणे' आणि 'प्रे' ही लांबची भावंडे झाली.

ताई, तुमच्या मुलीच्या वाक्यासाठी माझी सूचना अशी आहे की तिने 'आस्क्ड आफ्टर माय हेल्थ' असे लिहावे. 'आस्क आफ्टर' किंवा 'इन्क्वायर आफ्टर' म्हणजे आपली 'विचारपूस' होय. या आपल्या शब्दात विचारणे आणि पुसणे ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी नांदत आहेत.

वैनगंगा | ६ जुलै, रात्री ८:४०

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली, सध्या पुण्यात नोकरी करते. रिद्धपूरवाट यांच्या शेवटच्या सूचनेत एक बारीक अडचण आहे. 'आस्क आफ्टर' हे बहुधा समोर नसलेल्या माणसाबद्दल असते. आजीने मामाजवळ नातीची खुशाली विचारली, तर 'शी आस्क्ड आफ्टर हर'. नात समोरच बसली असताना तिलाच विचारले, तर साधे 'शी आस्क्ड मी हाऊ आय वॉज' हेच शोभते. विचारपूस मात्र आपण समोरच्याचीही करतो आणि दूरच्याचीही करतो. दोन शब्दांचे माप पूर्ण जुळत नाही.

'ई'ने सुरू होणारा 'एन्क्वायरी' आणि 'आय'ने सुरू होणारा 'इन्क्वायरी' यांच्याबद्दलही कोणीतरी लिहायला हवे होते. ब्रिटिश लेखनात पुष्कळ जण असा भेद पाळतात की गाडी किती वाजता सुटते हे विचारणे 'ई'चे, आणि रीतसर चौकशी आयोग बसतो तो 'आय'चा. अमेरिकेत दोन्हीला बहुधा 'आय'च वापरतात. आमच्या कार्यालयात दोन्ही देशांतून पत्रे येतात, त्यामुळे मी मुलांना हा भेद ठाम नियम म्हणून शिकवू नये, असे म्हणेन.

तालुकाकोर्ट | ६ जुलै, रात्री ९:०५

ठाम नियम म्हणून नको, हे मान्य. परंतु आपल्या देशात १९५२ चा चौकशी आयोगांचा कायदा 'आय'चा आहे आणि स्थानकावरची चौकशीची खिडकी बहुधा 'ई'ची असते. मुलांना दोन्ही पाट्या डोळ्यांनी दिसतात, तेव्हा भेद सांगायला काय हरकत आहे? खिडकीपाशी आपण विचारतो आणि आयोगापुढे आपल्याला विचारले जाते.

उपकेंद्र | ६ जुलै, रात्री १०:१५

मी मेळघाटात आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे 'प्रोब' म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा तो हातात धरायचा भाग, त्यामुळे पहिल्यांदा घरोघरच्या सर्वेक्षणाच्या इंग्रजी प्रश्नावलीत प्रश्नाखाली मोठ्या अक्षरांत 'प्रोब' असे छापलेले पाहिले, तेव्हा मी थबकले. प्रशिक्षणात सांगितले की बाईने पहिले उत्तर दिल्यावर थांबायचे नाही, "आणखी काही?" असे विचारायचे. जुन्या काळी शल्यवैद्य जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी बारीक सळई वापरत, तिलाही 'प्रोब'च म्हणतात. ती सळई आत घालताना हात किती हलका ठेवावा लागतो, हे ज्याने जखम धुतली आहे त्यालाच कळेल.

आमच्या मराठी प्रतीत त्या जागी 'खोदून विचारा' असे छापले होते, आणि माझ्या मते ते भाषांतर घातक होते. कुदळीने खोदतात. एका नव्या सहकारी मुलीने ते वाचून पाड्यावरच्या एका बाईला "किती दिवस ताप होता? नक्की किती? नीट आठवून सांग" असे सलग विचारले, आणि ती बाई घरात निघून गेली व तिने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, ओट्यावर बसले, तिच्या कडेवरच्या मुलाचे नाव विचारले आणि बऱ्याच वेळाने "आणि मंग?" एवढेच म्हटले. तिने आपणहून सगळे सांगितले. मूल तापात होते तेव्हा घरात कोणीच नव्हते, हे तिला बोलायचे होते आणि आमच्या प्रश्नावलीत त्यासाठी जागाच नव्हती. मला तरी 'प्रोब' म्हणजे हेच वाटते. दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहणे, जे कामापुरते नसते, त्याला इंग्रजीत 'प्राय' म्हणतात. तो आपला भोचकपणा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हेच तर अवघड आहे.

पांदण | ६ जुलै, रात्री १०:५०

ताई, तुमचा अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही.

गावात 'प्राय' कशाला म्हणायचे, हाही एक प्रश्नच आहे. आमच्याकडे रस्त्यात भेटलेला प्रत्येक माणूस "कुठी चालले?" असे विचारतो. बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्याला तो खाजगी बाबींत डोकावण्याचा प्रकार वाटला होता, पण तो तर आमचा रामराम आहे. उत्तर न देता नुसते "या इकडेच" म्हटले तरी विचारणाऱ्याचे समाधान होते. माझी आजी मात्र घरातून निघणाऱ्याला 'कुठे' असे कधीच विचारू द्यायची नाही. निघताना 'कुठे' म्हटले की काम होत नाही, असे ती मानायची आणि "लांब चालला का, बापा?" असे विचारायची. तिच्या लेखी प्रश्नाच्या एका शब्दाने जाणाऱ्याची वाट अडत होती.

अर्जदार | ७ जुलै, सकाळी ६:४०

'रिक्वेस्ट' या शब्दाबद्दल मला लिहायचे आहे. आमच्या गावातल्या नळयोजनेबद्दल मी माहितीच्या अधिकाराखाली एका कार्यालयात अर्ज केला. दहा रुपयांचे शुल्क लावले आणि तावातावाने लिहिले, 'पाइपलाइन अद्याप का टाकली नाही? याला जबाबदार कोण?' तीस दिवसांच्या आत उत्तर आले की आपण मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मी संतापलो. नंतर एका जाणत्या माणसाने २००५ च्या कायद्याचे इंग्रजी कलम माझ्यापुढे ठेवले. त्यात अर्जाला 'रिक्वेस्ट' म्हटले आहे आणि अर्जदाराने माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याची गरज नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. मी मात्र विनंतीच्या अर्जावर जाब विचारत बसलो होतो.

दुसरा अर्ज असा लिहिला: 'कामाच्या आदेशाची प्रत द्यावी. मोजमाप पुस्तिकेच्या प्रती द्याव्यात. मुदतवाढ दिली असल्यास त्या टिप्पणीची प्रत द्यावी.' सगळे कागद मिळाले आणि 'का' या प्रश्नाचे उत्तर त्या टिप्पणीतच होते. तो कागद घेऊन मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि तेथे जाब विचारला, कारण जाब विचारण्याची जागा ती होती. मुलांना हे शब्द शिकवावेत, असे मला मनापासून वाटते. पांदण भाऊ, मला हा फरक कळायला त्रेचाळीस वर्षे लागली.

पऱ्हाटी | ७ जुलै, सकाळी ८:१०

वर्गासाठी एक सोपा शब्द सुचवतो: 'ग्रिल'. आपण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भरताचे वांगे उलटून पालटून भाजतो, साल काळी पडेपर्यंत सोडत नाही. प्रश्नांनी माणसाला तसेच भाजणे म्हणजे 'ग्रिल'. मराठीत 'धारेवर धरणे' आहे. 'पंप' हेही त्याच जातीचे. एखाद्याकडून माहिती उपसून काढणे. मोटारपंप प्रत्येक मुलाने पाहिलेला आहे.

वैनगंगा | ७ जुलै, सकाळी ८:३५

आणि हातासरशी मुलांना 'डाउट'बद्दलही सांगावे. आपण सगळे वर्गात "सर, डाउट आहे" म्हणत मोठे झालो. शंका म्हणजे न समजलेले, हा अर्थ आपण त्या शब्दात भरला. बाहेरच्या इंग्रजी माणसाला 'आय हॅव अ डाउट' म्हटले की आपल्याला त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही, असे तो समजतो. माझ्या पहिल्या बैठकीत मी अगदी आदराने ते वाक्य म्हटले आणि समोरचे गृहस्थ आपले म्हणणे पुन्हा सिद्ध करून दाखवू लागले. 'आय हॅव अ क्वेश्चन' एवढे म्हणायचे होते. मात्र 'क्वेश्चन' क्रियापद म्हणून वापरले की त्यातही संशय येतो: 'ही क्वेश्चन्ड द बिल' म्हणजे त्याने बिलावर आक्षेप घेतला.

खडूफळा | ७ जुलै, सकाळी ८:५०

'प्रश्न' आणि 'क्वेश्चन' यांचेही माप जुळत नाही, वैनगंगा. गेल्या वर्षी एकाने 'देअर इज अ वॉटर क्वेश्चन इन अवर व्हिलेज' असे लिहिले होते. पाणीप्रश्न त्याच्या दृष्टीने प्रश्नच होता, आणि तो त्याला रोज सकाळी पाणी भरायच्या दोन गुंडांनिशी (हंड्यांनिशी) पडत होता.

रिद्धपूरवाट | ७ जुलै, रात्री ९:१५

वैनगंगा, 'आस्क आफ्टर'बद्दलची दुरुस्ती मान्य आहे. आपल्या 'विचारणे'चा एक अर्थ इंग्रजीत कोठेच बसत नाही, तो येथे नोंदवून ठेवतो. "आता म्हाताऱ्याला कोण विचारतो?" किंवा काकूच्या शब्दांत "मले कोन पुसते?" यात विचारणे म्हणजे किंमत देणे, दखल घेणे. कोणी विचारणारे असणे हेच मोठेपण, असे आपल्या भाषेने मानले आहे. 'हू आस्क्स मी' असे भाषांतर केले तर तो अर्थ नाहीसा होतो.

पांदण | ७ जुलै, रात्री ९:४०

अर्जदार दादा, तुमचा अर्ज वाचून माझे मत थोडे बदलले आहे. लिहिण्यासाठी आधी 'आस्क' पक्का करावा, हे मी अजूनही म्हणेन. पण वाचताना आणि कोणी आपल्याशी बोलताना हे शब्द ओळखता आले पाहिजेत, नाहीतर पऱ्हाटी दादांसारखी रात्र काढावी लागते. 'इंटरव्ह्यू' तेवढा आपल्याकडे सुदैवाने नीट उतरला आहे: त्याच्या फ्रेंच मुळात एकमेकांना पाहणे आहे आणि मुलाखतीच्या अरबी मुळात भेटणे आहे. पुढच्या महिन्यात माझी आहे, त्या दृष्टीने तिकडे पाहीन.

खडूफळा | ९ जुलै, रात्री ८:२०

सर्वांचे मनापासून आभार. काल पावसामुळे निम्मा वर्ग होता, तेव्हा धडा बाजूला ठेवला आणि आपण सुचवलेले करून पाहिले. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: 'व्हेअर वेअर यू यस्टरडे?' एका मुलाला खुर्चीवर बसवले आणि बाकीच्यांनी एकेक करून येऊन तोच प्रश्न त्याला विचारायचा. कोणी आजी होऊन, कोणी फौजदार होऊन, कोणी उपकेंद्रातल्या ताई होऊन, तर कोणी बँकेतल्या बाई होऊन हजेरीच्या तक्त्यावर बोट ठेवून. मग वर्गाने क्रियापद सांगायचे. फौजदार झालेल्या मुलाने आपणहून जाऊन आधी वर्गाचे दार लावले, आणि मागच्या बाकावरून तीन-चार आवाज एकदम आले, 'इंटरॉगेट!' तालुकाकोर्ट काका, दाराचे तर मी त्यांना काही सांगितलेही नव्हते.

बँकेतल्या बाईला त्यांनी 'क्वेरी' दिले. उपकेंद्रातल्या ताईंवरून वाद झाला. काही जण 'प्रोब' म्हणाले, काही नुसते 'आस्क', आणि तो वाद मी मिटवला नाही. आजी झालेल्या मुलीने खुर्चीवरच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर देण्याआधीच पुन्हा विचारला. आजीसाठी सगळ्यांनी 'आस्क' म्हटले. 'पुसते' हा शब्दही एकाने हळूच उच्चारला, तो मी फळ्यावर लिहिला आणि तास संपेपर्यंत तसाच ठेवला.

आज ती पत्र लिहिणारी मुलगी वही घेऊन आली. तिने जुने वाक्य खोडून खाली नवे लिहिले आहे: 'माय ग्रँडमदर आस्क्ड मी हाऊ आय वॉज. देन शी आस्क्ड मी अगेन.' समासात मी बरोबरची खूण केली आणि शेजारी तारीख घातली.

पऱ्हाटी | ९ जुलै, रात्री ८:५५

ताई, आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात रविवारी मुले जमतात. दाराचा तो खेळ आमच्याकडे घेतला तर चालेल का?

खडूफळा | ९ जुलै, रात्री ९:००

अवश्य घ्या. मुले कोणता नवा शब्द देतात, ते मात्र येथे लिहा.